टॉवेलात गुंडाळलेला डोंगर

सोलापूरजवळ डोंगर नाही. तरीही आमच्या घरात नवरा-बायकोचं वाजलं ते डोंगरावरूनच.

उन्हाळ्यात मी आणि सुनंदा, दोघांनी जलरंगाचा क्लास लावला. (कल्पना माझी. हे आता घरात कुणालाच आठवत नाही!) पहिल्याच आठवड्यात सर तिचं चित्र बघून म्हणाले, "वा! डोंगर काय लांब दिसतोय!" मग माझ्यापाशी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे... ढेकूळ छान जमलंय."

मी जळून खाक झालो.

त्यात बंद घड्याळ उतरवल्यामुळे हॉलमधला खिळा मोकळा झालेला. मुलीचे होणारे सासरे रविवारी जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर त्या खिळ्यावर डोंगर लागला पाहिजे, आणि तो माझाच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अडचण एकच होती. सर म्हणायचे, कागद ओला असतानाच आकाश रंगवा. आमच्या उन्हात ब्रश पाण्यातून वर येईपर्यंत कागद पापडासारखा वाळतो! मग आठवलं, भाकरी मऊ राहावी म्हणून आई ती फडक्यात गुंडाळते. झालं! सरांनी आम्हा दोघांना पेन्सिलीनं सारखाच डोंगर आखून दिला होता. मी कागद उचलला, कपाटातला कोरा लाल टॉवेल भिजवला, त्यात कागद गुंडाळला आणि दुपारचा निवांत झोपलो.

उठून बघतो तर कागद गुलाबी! टॉवेलचा रंग गेला होता. मी किंचाळणार, तेवढ्यात कोपऱ्यातलं नाव दिसलं. सुनंदा! घाईत मी तिचाच कागद गुंडाळला होता. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

"अरेरे," मी जमेल तितक्या दुःखानं म्हणालो, "तुझा कागद बिघडला गं!"

"बघू तरी," म्हणत तिनं त्या गुलाबीवरच निळे डोंगर ओढले. बघता बघता डोंगरामागे पहाट झाली! माझा कागद मात्र कोरडाच होता. माझ्या आकाशावर नुसते चट्टे पडले.

"आरं, ह्येला नायटा झालाय का?" आईनं विचारलं.

खिळ्यावर सुनंदाचा डोंगर चढला. स्टुलावर चढून तो लावलाही मीच.

रविवारी व्याही ताट सोडून चित्राकडेच बघत बसले. "विहीणबाई, गुलाबी रंग लई नाजूक दिलाय बघा! कसा जमवला वो?"

सुनंदा नुसती लाजली. लाजली! मी इतका पेटलो होतो की मला शेंगाचटणीसुद्धा तिखट लागेना.

"तिनं नाही दिला!" मी ओरडलो. "टॉवेलचा आहे तो! पहिल्याच पाण्यात रंग गेला. असला भिकार माल विकतं तरी कोण?"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. मुलीनं कपाळाला हात लावला.

"आरं गप की!" आई म्हणाली. "साखरपुड्यात तुला टॉवेल-टोपी ह्येंनीच दिल्ती न्हवं? दुकानच हाय त्येंचं!"

व्याही आधी लाल झाले (तो रंग मात्र पक्का वाटला), आणि मग, माझ्या मुलीचं नशीब म्हणून, हसत सुटले. लग्न सुखरूप पार पडलं.

आता दर दिवाळीला त्यांच्याकडून सुनंदाला रंगांची पेटी येते आणि मला लाल टॉवेल. मी दार लावून घेतो, टॉवेल भिजवतो, माझा डोंगर त्यात गुंडाळतो आणि वाट बघत बसतो.

मेल्याचा रंगच जात नाही!