मोतीबाईंचं कोंडलेलं लोखंड

समजा, हे काम तुमच्याकडे आलंय. बोटाला सुई टोचायची आणि वर आलेलं रक्त काचेच्या बारीक नळीत खुणेपर्यंत ओढायचं, तेही तोंडाने. ओढ जरा जास्त झाली की रक्त जिभेवर. मग ते आम्लात सोडायचं, तपकिरी झालं की थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. रंग जुळेपर्यंत जितकं पाणी मावेल, तितकं रक्त कसदार. मोतीबाईंच्या रक्तात पाणी फारसं मावतच नसे.

१९८१ साली शिळफाट्याजवळच्या एका लहान इस्पितळात मी रक्त तपासायला लागले. मोतीबाई पळसदरीहून यायच्या. पन्नाशीच्या, हडकुळ्या, अंगात सतत बारीक तापाची कसर. लोखंडाच्या गोळ्या चालू होत्या, पण रक्त जागचं हलत नव्हतं.

"मावशी, गोळ्या घेता ना?"

"घेते ना गं. मैना हातावर ठेवते नि गिळेपर्यंत समोर उभी रवते, फौजदारावानी."

मैना त्यांची सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलगा सदू रसायनीला कारखान्यात. सोबत नेहमी मोतीबाईंची नणंद गौराबाई. दम लागून मोतीबाई बाकावर बसल्या की गौराबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "घरात भाताच्या कणग्या भरल्यात, नि सासूच्या अंगात रगात नाय. पोटाला कोण घालत नाय ते आमाला कळतं."

त्यांनी एक रीतच पाडली होती. मैनाने सासूचं ताट ओटीवर वाढायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. भाकरी, जवळ्याची चटणी, कधी बकऱ्याची कलेजी. समोर गौराबाई राखणीला. तरी रक्त वाढेना, तेव्हा त्यांनी सदूला सांगितलं, "शिमग्यानंतर बायकोला माहेरी पोचव. वयनीचं रगात भरलं की आण."

"रगात माजं नि शिक्षा त्या पोरीला," मोतीबाई मला म्हणाल्या. "तुज्या त्या नळीत दिसतंय का गं, मी जेवले का नाय ते?"

नळीत ते दिसत नव्हतं.

ताप हटेना म्हणून डॉक्टरांना यकृतात क्षयाची शंका आली. मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञांनी सुईने यकृताचा बारीक तुकडा काढला. क्षय निघाला नाही. तुकड्याची एक पातळ चकती काचेवर उरली होती. मी डॉक्टरांना विचारलं, "सर, हिच्यावर लोखंडाचा रंग करून बघू?" ते म्हणाले, "कर की. वाया जाण्यापेक्षा बरं."

हा रंग लोखंड असेल तिथेच निळा उमटतो. मला वाटलं होतं, काच कोरी निघेल. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर निळे ठिपकेच ठिपके! आणि तेही ठरावीक पेशींच्या पोटात. यकृतात रक्ताच्या वाटेवर राखणदार पेशी बसलेल्या असतात. जंतू दिसला की त्या गिळतात. म्हाताऱ्या तांबड्या पेशीही गिळतात, आणि त्यांतलं लोखंड रक्ताला परत देतात. मोतीबाईंच्या पेशी गिळत होत्या, पण परत देत नव्हत्या.

डॉक्टरांनी पुस्तक काढून दाखवलं. शरीरात कुठे दाह धुमसत असला की असं होतं. जंतूंनाही लोखंड लागतं, म्हणून ते कोंडून ठेवण्याची ही युक्ती असावी. अशा वेळी गोळ्यांतलंही अंगी लागत नाही, म्हणून त्यांनी त्या बंद केल्या.

पुढच्या खेपेला मी गौराबाईंना सूक्ष्मदर्शकासमोर स्टुलावर बसवलं. त्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर मिटला.

"अगो, शाई सांडलीय का काय?"

"ते तुमच्या वहिनींचं लोखंड. खायला न मिळणाऱ्याच्या या पेशी रिकाम्या असतात. ह्या भरल्यात."

गौराबाईंनी दुसराही डोळा लावून पाहिला. मग उठून म्हणाल्या, "मंग सांगायचं ना आदीच. मी उगी रोज ओटीवर बसून कंबर मोडून घेतली."

मोतीबाई खोकेपर्यंत हसल्या.

दाह कुठे, हे मात्र अजून सापडायचं होतं. डॉक्टरांनी पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. नडगी दाबताच मोतीबाई कळवळल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी भात कापताना विळा तिथे लागला होता. वर कातडी आली, म्हणून त्यांच्या लेखी तो विषय संपला होता, आणि त्यांनी तो कधी सांगितलाच नव्हता. आत हाडात पू होता.

हाड साफ केलं. ताप गेला. गोळ्या बंदच होत्या, तरी शिमगा उलटल्यावर नळीतला रंग लवकर जुळेना. मी पाणी घालत गेले आणि ते मावत गेलं. त्या दिवशी सोबत मैना होती, माहेरी न गेलेली. सासूच्या पाठीवर हात ठेवून ती नळीकडे बघत होती.

मी दोघींना सगळं नीट समजावलं: राखणदार पेशींनी हात सैल सोडला, लोखंड रक्तात आलं.

मोतीबाईंनी पदर सारखा केला. "पू हुता माज्या पायात. नि हे तुजे राखणदार बसलेत इथं, बरगडीखाली. व्हय ना?"

"हो."

"मंग पायातली गोष्ट त्यांना कळली कशी गं? नि आता सोडा म्हून त्यांना जाऊन सांगितलं कुणी?"