टिटवीवरचा आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांनाही नाही. लिहितानासुद्धा हसू येतंय — आणि लाजही वाटते.

आमची वस्ती पाटोद्याकडच्या डोंगरात. लग्न होऊन आले तेव्हा इथं लोक पावसाचं सगळं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारायचे. उन्हाळा सरता सरता त्या माथ्यावर जाऊन टिटवीची अंडी बघायच्या. टोकं जमिनीकडं असली की पाऊस लवकर. त्या सांगतील तशी वस्ती पेरायची.

त्या साली त्यांचा पाय मुरगळला. म्हणाल्या, "तू जा गं. टोकं तेवढी नीट बघ."

एकटीनं घराबाहेर — पहिल्यांदाच! अर्ध्या वाटेवर झरा होता. तेव्हा भर उन्हाळ्यातही वाहायचा. आता शिमग्यालाच आटतो. मी पाण्यात पाय सोडले. डोक्यावरचा पदर काढला. गाणी म्हटली — मोठ्यानं! किती वेळ? काय सांगू, तसं सुख पुन्हा फार थोड्या वेळा मिळालं. उन्हं कलली, तशी तिथूनच माघारी फिरले.

"चारही टोकं खाली," मी सांगितलं.

वस्तीनं कोरड्यातच बाजरी पेरली. पाऊस काही येईना. बी मुंग्यांनी नेलं. लोक आत्याबाईंना हसले, "म्हातारे, तुझी टिटवी पिऊन बसली व्हती का?"

माझा संशय त्यांना आलाच नाही. "आभाळच बिघडलंय," म्हणाल्या, "तिला बी कळंना झालंय." पुन्हा कधी माथ्यावर गेल्या नाहीत.

पुढं आभाळ खरंच बिघडलं. मिरगात ऊन, दिवाळीत धो-धो. वस्तीवर आजही म्हणतात — टिटवी खोटी पडली, त्या सालापासून. आणि मी मान डोलवते! खरं सांगितलं असतं तर आत्याबाई पुन्हा माथ्यावर गेल्या असत्या ना? नाही सांगितलं.

यंदा गंमत झाली. टिटवीनं आमच्या खळ्याच्या कडेलाच अंडी घातली. आत्याबाई काठी टेकत गेल्या. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेय, आणि या खाली बसून बोळक्या तोंडानं हसतायत! "आलीस व्हय खोटारडे? माझं नाक कापलंस, आन् आता दारात?" मग अंडी निरखून ओरडल्या, "दोन उभी, दोन आडवी! आता काय सांगावं बाई?" सगळी वस्ती खो-खो हसली. मीसुद्धा.

हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं. माफ केलं तुला."

टिटवीला म्हणाल्या. मी शेजारीच बसले होते. सुपातली बाजरी पाखडत राहिले.