शनीच्या चंद्रावरचे धोंडे

लेकीनं फोनवर एक फोटो धाडला. नदीचं कोरडं पात्र, त्यात झिजून गोल झालेले धोंडे. मी म्हटलं, "ही तर आपली माणगंगा."

ती हसली. "आबा, ह्यो शनीचा चंद्र हाय. मागं एक यान तिथं उतरलं, त्येनं काढलाय. आन् ते धोंडे बर्फाचे हायत. तिथं थंडीच अशी, की बर्फ दगडागत टणक."

लेक परदेशात असते. आता त्याच चंद्रावर उडत फिरणारं यंत्र जायचं आहे, ते बनवणाऱ्यांत ती आहे. पारावर मी हे सांगितलं, तर माझ्याबरोबर मेंढरं राखलेला एक म्हातारा म्हणाला, "गड्या, लोक शनीला तेल घालून लांब ठेवत्यात. तुज्या पोरीनं तर त्येच्या घरातच पाय घातला की रं!"

"तुज्या पोराला अजून एसटी स्टँड घावंना, तू गप," मी म्हटलं. पण शनिवारी गुपचूप तेल घालून आलो.

मेंढरं होती तेव्हा आम्ही चाऱ्यासाठी कोरेगावच्या अंगाला उतरायचो. चारापाणी बघायला मी पुढं जायचो. वाट फुटेल तिथं धोंड्यावर धोंडा ठेवायचा आणि जायचं त्या अंगाला काडी लावायची. मागून घोड्यावर बसून आलेली लेक लांबूनच ओरडायची, "आबाची खूण!" संध्याकाळी मी परत येऊन सांगायचो, गवत कसं आहे, पाणी कुठं आहे. तोवर माझी भाकरी झाकलेली असायची.

आता मेंढरं नाहीत, घोडं नाही, तिची आईही नाही. पुढं गेलीय ती लेक, आणि मागं मी एकटा. जाताना म्हणाली होती, काम झालं की येते.

म्हणून फोनवर तिला विचारलं, "तुजं यंत्र तिथलं बघून परत कवा येणार?"

"ते परत येत न्हाई, आबा. तिथनंच खबर देणार. पोचायलाच सहा-सात वर्षं. मग त्येची खबर वाचायला मला हितंच ऱ्हावं लागंल."

"परत येत न्हाई? मग त्येला पुढं जाणं म्हणत न्हाईत. सोडून देणं म्हणत्यात."

ती हळूच म्हणाली, "आबा, तुमी यंत्राचंच बोलताय न्हवं?"

"मग काय तुजं?" मी म्हटलं.

"तुमीच या की हिकडं."

"मला न्हाई जमायचं."

परवा सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, नदी दाखवा. व्हिडिओवर धोंडे दाखवत मी पात्रातून चाललो. ती म्हणाली, "तुमची खूण करा की, आबा. लय दिवस झालं बघून."

एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं मी धोंड्यावर धोंडा ठेवला. काडी लावली.

तिनं निरखून बघितलं. "आबा, काडी घराकडं का लावली? तुमी तर पुढची वाट दावायचा."

"रेंज जातीया," म्हणून मी फोन बंद केला. रेंज चांगली होती.

लगेच परत वाजला. मी उचलला नाही. उचलला असता तर 'कवा येतीस' हेच तोंडातून निघालं असतं. ते मी आजवर विचारलेलं नाही. वाजून वाजून तो थांबला. मी तिथंच बसून राहिलो, काडी वाऱ्यानं हलू नये म्हणून तिच्यावर आणखी एक धोंडा ठेवून.