पश्चिमेच्या भिंतीचे एकतीस झाप

रत्नागिरीला समुद्राच्या अंगाला एका टेकाडावर बिशपच्या ख्रिस्ती मंडळीचे जांभ्या चिऱ्याचे छोटे देऊळ होते. बांधले होते ते गोऱ्या अंमलदारांसाठी. पुढे अंमलदार बदलून गेले, त्यांच्या जागी आलेले दुसऱ्या धर्माचे निघाले, आणि देवळात उरली ती मराठी मंडळी : शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातला कंपाउंडर, दोन-तीन गवंड्यांची घरे, कोर्टातून पेन्शनीत निघालेला विठू पट्टेवाला आणि त्याची विधवा भावजय हौसाबाई.

हौसाबाई देवळात आली ती बारा वर्षांची असताना. प्लेगात आई गेली आणि चुलत्यांनी तिला गावच्या शिवेवरच अडवले. ती रत्नागिरीपर्यंत चालत आली आणि भर पावसात देवळाच्या पडवीत दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी एका गवंड्याच्या बायकोने तिला घरी नेले. पुढच्या मे महिन्यात त्या बाईने आपल्या घरच्या सहा झापांशेजारी सातवा विणून ठेवला आणि म्हणाली, "ह्यो तुझा." आपण इथली झालो, हे हौसाला त्या दिवशी कळले. तिचा बाप्तिस्मा त्यानंतर चार महिन्यांनी झाला.

झाप म्हणजे नारळाची झावळी भिजवून, उभी चिरून, तिच्या पात्या एकमेकींत गुंफून केलेला पडदा. कोकणात पावसाची झड ज्या भिंतीवर येते तिला असे झाप बांधतात, नाहीतर चिरा पाणी पितो आणि आतला चुना सोडतो. देवळाची पश्चिमेची भिंत समुद्राच्या तोंडावर. तिला एकतीस झाप लागत, आणि अलीकडे मंडळीही एकतीस माणसांचीच होती. मंडळीची रीत अशी की स्वर्गारोहणाच्या सणापासून त्रैक्याच्या रविवारापर्यंत, म्हणजे साधारण मे महिन्यात पावसाआधी, प्रत्येक घराने माणशी एक झाप आणून द्यायचा. तान्ह्या पोराचाही द्यायचा. पाद्रीसाहेब मंडळीची नोंद वहीत करीत. मंडळी स्वतः ती भिंतीवर करी.

१९३१ सालच्या मे महिन्यात नवे पाद्री आले, रेव्हरंड साळवे. माणूस नगरकडचा, शिस्तीचा, इस्त्रीच्या झग्यातला. मुक्काम कोल्हापुरास, महिन्यातून एकदा मोटारीने घाट उतरून येत. पहिल्याच रविवारी त्यांनी आवारात झापांची थप्पी पाहिली.

"हे काय आहे?"

"पावसाची तयारी," विठू म्हणाला.

"दसऱ्याच्या आधी बिशपसाहेब येणार आहेत. हे देऊळ आहे की गोठा? हे बांधायचे नाही."

"साहेब, भिंत भिजंल," हौसाबाई म्हणाली.

"बाई, दगडाची भिंत आहे. भिजली तर वाळेल."

"नगरचा दगुड वाळत असंल. ह्यो रत्नागिरीचा हाय."

विठूने तिचा पदर ओढला. चाळीस वर्षे साहेबांच्या दारात उभे राहून त्याच्या अंगी एकच विद्या भिनली होती, गप्प बसण्याची. त्या वर्षी सगळेच गप्प बसले. झाप गवंड्यांच्या गोठ्यांवर गेले.

त्या पावसात भिंतीने चार महिने पाणी प्यायले. श्रावणात आतला गिलावा पापुद्र्यांसारखा सुटला. भाद्रपदात खिडकीखालचे चिरे बोटभर बाहेर आले. ते चिरे हौसाबाईच्या नवऱ्याने, शिवाने, बसवलेले होते. तो पुरला होता त्याच भिंतीपासून वीस पावलांवर. रोज सकाळी ती भिंतीला हात लावून बघे आणि ओला तळवा लुगड्याला पुसून घरी जाई. बिशपसाहेब काही आले नाहीत. त्यांच्याऐवजी मिशनचे इंजिनिअर आले, त्यांनी भिंत ठोकून पाहिली आणि वहीत काहीतरी लिहून नेले.

१९३२ च्या एप्रिलात साळवेसाहेबांनी रविवारच्या भक्तीच्या शेवटी पत्र वाचून दाखवले. पश्चिमेची भिंत धोकादायक आहे. मंडळीही थोडी उरली आहे. त्रैक्याच्या रविवारापासून देऊळ बंद राहील, आणि पाऊस संपताच इमारत उतरवून चिरे विकले जातील. मंडळीने गावातल्या दुसऱ्या मिशनच्या देवळात जावे.

भक्तीत पाद्री बोलत असता मध्ये उठायची पद्धत नव्हती. हौसाबाई उठली.

"साहेब, अंगावरची घोंगडी तुम्ही काढलीत. आता खोकला आला म्हणून पुरायला निघालात व्हय?"

"हौसाबाई, हा बिशपसाहेबांचा आदेश आहे."

"बिशपसायबांना झाप कोणी अडवले ता ठावं हाय?"

साळवेसाहेबांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "किल्ली मी बरोबर नेणार आहे," एवढेच ते म्हणाले.

"न्या की. भिंत भायरून भिजते. तिला किल्ली कशाला लागते?"

त्या दुपारी शिक्षिका सावित्री हौसाबाईच्या ओट्यावर कागद-दौत घेऊन बसली. बिशपसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहायचे होते. मजकूर हौसाबाईने सांगायचा, मंडळीने सह्या-अंगठे करायचे.

"विनंती कशी सुरू करू?" सावित्रीने विचारले.

"विनंती नको. लिही : गेल्या साली आम्ही पाद्रीसायबांचा ऐकला, म्हणून भिंत भिजली. यंदा ऐकणार न्हाय. झाप बांधणार. पाऊस सरल्यावर माणूस धाडा आनि भिंतीला हात लावून बघा. पडायला झाली असंल तर आम्हीच उतरवू."

"अगो वहिनी, ह्या असा बिशपाला लिवतात काय?" विठू दारातून म्हणाला. "पोलीस येतील. माझी पेन्शन हाय."

"तुमचा अंगठा नको, भावजी. तुमची पेन्शन सांभाळा."

विठू अंगणात दोन फेऱ्या मारून आला, दौतीत अंगठा बुडवला आणि कोणाकडे न बघता कागदावर टेकवला. दिवसभर तो अंगठा धोतराला पुसत राहिला.

झावळ्या शेजारच्या बागेतून मिळत. बागेवर राखणीला बाबल्या होता. दोन झावळ्या द्यायला चार शब्द जास्त बोलणारा.

"काय गो हौसाबाय, देऊळ तं बंद होणार म्हणतात. मग ह्या कुणाला नेसवतेस?"

"तुला. तुझ्या धोतराची दशा बघवत न्हाय."

"देव तुमचा आत कोंडणार हायत आनि तू भायरून कुडान घालतेस!"

"आत कोंडणार म्हणूनच. त्याला पानी लागता नये. तू झावळ्या काढ."

झावळ्या विहिरीजवळच्या डबक्यात पाच दिवस भिजल्या. विणायला बसल्यावर अडचण कळली. मंडळीत जिवंत माणसे उरली होती चोवीस. एकतिसात सात कमी. दोन घरे मुंबईला गेली होती, तीन म्हातारे वर्षभरात पुरले होते.

"ज्यांना जमते ते दोन-दोन विणतील," सावित्री म्हणाली.

"माणशी एक. रीत हाय ती," हौसाबाई म्हणाली. थोडा वेळ ती पाती गुंफत राहिली. "पत्रात काय लिवलंय त्यांनी? मंडळी थोडी उरली. आपन दर रविवारी म्हणतो ना, पवित्र जनांची संगत? मेले ते काय मंडळीतून गेले? शिवाचा एक घाल. मला घरात नेलेली ती माय, तिचा एक. गेल्या साली गेले त्या तीन म्हाताऱ्यांचे तीन."

"पाच झाले."

"कंपाउंडराची पोर गेली ना, धा दिसांची? तिचा एक."

"सहा."

सातवा झाप दुसऱ्या दिवशी कुंपणावर टाकलेला सापडला. घट्ट विणीचा, बागवानाच्या हातचा.

"माझा न्हाय तो," बाबल्या बागेतूनच ओरडला. "वाऱ्यान् उडून आलाय. मी काय तुमच्यात यायचा न्हाय!"

त्रैक्याच्या रविवारी साळवेसाहेबांनी शेवटची भक्ती घेतली. हौसाबाई आणि गवंडी भक्तीला आत गेले नव्हते; साहेब बाहेर आले तेव्हा भिंतीवर सुंभाने बांधलेले एकतीस झाप होते. हौसाबाई शिडीपाशी हात कमरेवर ठेवून उभी होती. साहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिले. कुलूप लावले आणि मोटारीत बसले.

पावसाळाभर मंडळी बंद दाराच्या पडवीत जमली. पाद्री नाही म्हणून प्रभुभोजन नाही. सावित्री प्रार्थना वाची, बाकीचे गुडघे टेकून उत्तरे देत. शिंतोड्यांनी पाठी भिजत. दुसऱ्या मिशनच्या पाळकांनी कोरड्या जागेचे प्रेमाने आमंत्रण दिले. हौसाबाईने त्यांना चहा पाजला आणि आमंत्रण परत केले. आषाढात बिशपसाहेबांचे दोन ओळींचे उत्तर आले : इमारत उतरवण्यापूर्वी इंजिनिअर भिंत पुन्हा पाहतील.

त्याच आठवड्यात वादळ झाले. भर दुपारी वाऱ्याने वरच्या ओळीतले चार झाप उचकटले. हौसाबाई सुंभाचे भेंडोळे घेऊन धावली, तर शिडीवर आधीच कोणी चढलेले. विठू. पासष्ट वर्षांचा, डोक्यावर कोर्टाची जुनी पगडी.

"उतरा भावजी! पडाल!"

"तू खाली धर शिडी! चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभा होतो. आज माझ्या दारात हाय, कोण उतरवतो बघू!"

पगडी वाऱ्याने समुद्रात गेली. झाप राहिले.

सप्टेंबरच्या अखेरीस साळवेसाहेब इंजिनिअरांना घेऊन आले. मंडळी सगळी आवारात जमली. इंजिनिअरांनी चार झाप बाजूला सारून हातोडीने चिरे ठोकले, चिऱ्यांमधल्या दरजांत चाकूचे पाते घालून पाहिले, मग भिंतीला तळवा टेकवला. हौसाबाईची नजर त्या तळव्यावर होती. तो कोरडा परत आला.

"दरजा भरून घ्या, खिडकीखालचे चिरे पुन्हा बसवा. पाडण्याचे कारण नाही," इंजिनिअर म्हणाले. "पण गेल्या वर्षी एवढी ओल कशी होती?"

विठूसकट सगळे जमिनीकडे पाहू लागले. तेवढी सवय अजून उरली होती. हौसाबाई मात्र साळवेसाहेबांकडे सरळ पाहत राहिली.

"गेल्या वर्षी मी झाप बांधू दिले नव्हते," साळवेसाहेब म्हणाले. "अहवालात तसे लिहा."

त्यांनी खिशातून किल्ली काढून दार उघडले. आत अंधार होता. पश्चिमेची खिडकी झापांमागे बुजली होती.

"हे आता काढायला हरकत नाही ना?"

"हस्ताचा पाऊस ऱ्हायलाय. दसऱ्यानंतर काढू."

"पण पुस्तक कसे वाचायचे?"

"दिवा लावा."

साहेबांनी दिवा लावला. भक्ती झाली, चार महिन्यांनी प्रभुभोजन झाले. बाहेर पडताना ते भिंतीपाशी थांबले आणि बोटाने झाप मोजू लागले.

"यात माझा कोणता?"

"तुमचा न्हाय."

"माणशी एक अशी रीत आहे ना?"

"तुमचा तुम्ही विणायचा. वैशाखात लवकर या, झावळ्या भिजवायला लागतात."

पुढच्या वैशाखात ते खरोखर आले. झग्याच्या बाह्या वर सारून दोन दिवस हौसाबाईच्या ओट्यावर बसले आणि एक झाप विणला. तो इतका वाकडा झाला की बाबल्या तो बघायला मुद्दाम बागेतून आला. हौसाबाईने तो सर्वांत खालच्या ओळीत, कोपऱ्यात बांधला, जिथे झड येत नाही. पण बांधला.