उन्हात दिसणारी पाटी

ही गोष्ट मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. सोळंके डॉक्टरांच्या नावावर जी खोटी नोंद लागली, ती त्यांनी केली नव्हती. मी केली होती. आता ते गेले, सांगायला हरकत नाही, असं कुणी म्हणेल. पण हरकत होती तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, एवढं मला कळतं.

आधी माणूस सांगतो. पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचा जनावरांचा दवाखाना. गावाचं नाव राहू द्या. सोळंके तिथे डॉक्टर, मी त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षक. उंच, जरा पोक काढून चालणारे, आणि काखेत कायम पाटी. पाटी म्हणजे पुण्याच्या लेकीनं पाठवलेला कागदासारखा टॅब. राखाडी, आतून उजेड नसलेला. त्यावर लिहिताना कागदावर पेन्सिल फिरल्यासारखी खरखर व्हायची. मोबाइलच्या उजेडानं डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. पाटीचं उलटं होतं. मे महिन्याच्या उन्हात आमचे मोबाइल काळे ठिक्कर दिसत, आणि डॉक्टर बांधावर बसून आरामात वाचत. "आपल्या परभणीसाठीच केलीय बघ ही," म्हणायचे, "ऊन मानवतं हिला."

मेंढरं पाळणाऱ्या गिरजाबाईनं पहिल्यांदा पाटी पाहिली तेव्हा पदर तोंडाला लावून विचारलं, "डाक्टर, ह्या वयात बालवाडीत नाव घातलं का?"

"घातलं की माय. पण तिथं खाऊ देईनात, म्हणून तुमच्याकडं च्या प्यायला आलो."

तेव्हापासून तिच्या दारातून ते चहा घेतल्याशिवाय कधी उठले नाहीत.

त्यांची लिहायची एक रीत होती. आजाराचं नाव शेवटी; आधी मालकाचं बोलणं, जसंच्या तसं. 'शेळी कालपासून रुसल्यावानी करायलीय' असं लिहायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. "असंच ना?" त्यावर मालकीण म्हणायची, "रुसल्यावानी न्हाई ओ, चक्कर आल्यावानी." की पेन उलटं करून पुसायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा वाचायचं. मी वैतागायचो. "सर, सरळ लक्षणं लिहा ना."

"नामदेवा, जनावर बोलत न्हाई. त्याच्या वतीनं हे बोलायलेत. त्यांचं बोलणं आपण कामून सुधारायचं?"

म्हैस अडली की गव्हाणीच्या कडेला बसून ते पाटीवर वाचत. एरवी जाडजूड वैद्यकाचं पुस्तक, कंटाळा आला की गोष्टी. घरची माणसं भोवती जमली की मोठ्यानं. एकदा भर दुपारी गोष्ट रंगात आली आणि रेडकाचे पाय दिसले. पाटी बाजूला, बाह्या वर. रेडकू मोकळं झालं, डॉक्टरांनी हात धुतले, आम्ही निघालो, तर त्या घरची म्हातारी दारात आडवी. "त्या बाईला नवऱ्यानं घरात घेतलं का न्हाई, ते सांगून जावा." डॉक्टर परत बसले. शेवटपर्यंत वाचूनच उठले.

सरकारी नोंदी मात्र मोबाइलवर करायच्या असत. डॉक्टरांच्या डोळ्यांना ते जमेना, म्हणून त्यांचा पासवर्ड माझ्याकडे होता. संध्याकाळी ते पाटीवरून वाचत, मी मोबाइलवर बोट दाबत जाई. पुढं पुढं त्यांनी वाचणं थांबवलं; पाटीच माझ्या हातात देऊन हातपाय धुवायला जात. आणखी पुढं मी पाटीकडे बघणंही सोडलं. मी थकलो होतो. घरी आई अंथरुणाला खिळलेली, रोजचं परभणीहून जाणं-येणं, वरच्या साहेबांचे फोनवर फोन. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून ते पुरत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना आंत्रविषाराची लस द्यावी लागते. कोवळं गवत खाऊन होणारा हा आजार. संध्याकाळी चांगलं चरून आलेलं मेंढरू सकाळी आडवं पडलेलं दिसतं. आम्ही गिरजाबाईच्या दारात गेलो तेव्हा तिचा लेक कळप घेऊन गोदाकाठी गेलेला. डॉक्टरांनी माझ्यासमोर पाटीवर लिहिलं, 'मेंढरं गोदाकाठी. लस राहिली. आली की परत येणे.' तिला वाचून दाखवलं. म्हणाले, "आली की निरोप धाडा माय."

त्या संध्याकाळी वरून फोन आला, तुमचंच एक गाव राहिलंय. जनावरं बाकी असली की मोबाइलवर गाव तांबडं दिसे. मी गिरजाबाईच्या कळपापुढं 'लस दिली' दाबलं. गाव हिरवं झालं. आली की देऊन टाकू, असं मनात होतं.

मेंढरं आली. निरोपही आला, पण माझ्याकडे. आता लस मागवायची, तर दिलेल्या कळपाला पुन्हा कशाला, हे सांगावं लागणार. मी आज-उद्या करत राहिलो. डॉक्टर मधून विचारत, "गिरजाबाईची मेंढरं आली का रे?" मी म्हणे, "नाही अजून, सर."

पाऊस पडला, गवत उगवलं, आणि तिची मेंढरं पटापट मरायला लागली. ती दवाखान्यात आली तेव्हा मोबाइलवरची नोंद कुणीतरी तिला सांगितलेली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "डाक्टर, तुमी मला वाचून एक दाखिवलं, अन् लिवलं एक."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली घातली.

चौकशी लागली. डॉक्टरांनी पाटी पुढं ठेवली. आलेल्या साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे तर पुसता येतं. काल रात्री लिहिलं नसेल कशावरून?" मग माझ्याकडे वळले. "नामदेवराव, हे त्याच दिवशी तुमच्यासमोर लिहिलं का?"

मी म्हणालो, "लक्षात नाही, साहेब."

डॉक्टरांनी पाटीचं झाकण हळूच मिटलं. पासवर्ड याच्याकडे असतो, हे ते म्हणू शकत होते. म्हणाले नाहीत. बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाले, "राहू दे. आपलं बोट दुसऱ्याच्या हातात दिलं की त्यानं ते कुठं टेकवलं, हे इचारायचा हक्क राहत न्हाई." मोठेपणा करायचा म्हणून बोलले असं मला वाटलं नाही. त्यांचा आवाज दमलेला होता.

ठपका त्यांच्यावर बसला आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. शाल-नारळ घ्यायला थांबले नाहीत. ठपक्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. नोकरीच्या शेवटच्या महिन्यांतही फेरीला गेलं की ते गिरजाबाईच्या दारात थांबायचे. "च्या न्हाई का आज?"

"दूध नासलं," ती आतूनच म्हणायची. दर वेळी दूध नासलेलं.

एकदा तिथून निघताना माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. मग म्हणाले, "ठपका काय, कागद हाय. पण ती बाई मला खोटारडा समजायलीय रे. तू एकदा जाऊन सांग तिला. तुझ्या तोंडून पटंल."

"जातो, सर," मी म्हणालो. गेलो नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी गेलो नाही हे त्यांना ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर वारले. त्यानंतर ताडकळसच्या बाजारात गिरजाबाई भेटली. दोन पाटं, कोवळ्या शेळ्या, विकायला आणलेली. अंगानं वाळून गेलेली. म्हणाली, "गेला म्हणं तुमचा डाक्टर. माणूस लय ग्वाड व्हता. पर लबाड निघाला."

मी हो म्हटल्यासारखी मान हलवली.

हे इथं लिहून काही फिटत नाही, कारण गिरजाबाईला वाचता येत नाही. तिच्या दारात उभं राहून, तिला ऐकू जाईल असं मला सांगायचं आहे, की डॉक्टरांनी तुम्हाला जे वाचून दाखवलं तेच लिहिलं होतं, लबाडी माझी. तिचं घर दवाखान्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मी अजून गेलेलो नाही.