पूल कुठी गेला वं?

कन्हानहून नागपूरला निघाले तेव्हा माझी लोखंडी पेटी बाबांनी उचलली, वळकटी भावानं, आणि मी फक्त स्वतःला घेऊन स्टेशनपर्यंत चालले. तरी धाप लागली. गाडीच्या खिडकीतून पोळ्यांचं गाठोडं देत आई म्हणाली, "दम लागला का वापस येजो वं. लाजू नको." टायपिस्टची नोकरी मिळालेल्या मुलीला हा आशीर्वाद!

तुमच्यातले कितीतरी जण गाव सोडून फार लांब गेले. माझा परदेश गाडीनं तासाभरावर होता. पण 'हिले उन्हात नका पाठवू' हेच ऐकत वाढलेल्या मला नागपूरच्या जरीपटक्यातली भाड्याची खोलीसुद्धा दूरच होती. भीती एकच, आजारी पडले की नोकरी जाणार आणि आईचं खरं होणार.

कराटेच्या क्लासला मी गेले ती सोबत म्हणून. ऑफिसातल्या सुषमाला घरून एकटीनं जायची परवानगी नव्हती. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सर लाथा मारायला लावत, वर मोठ्यानं ओरडायला लावत. पंधरवड्यात सुषमाचा अंगठा दुखावला आणि तिनं क्लास सोडला. मी मात्र जातच राहिले. बहुधा ओरडायची चटक लागली असावी. तब्येत सुधारतेय असं काही वाटत नव्हतं. पाय दुखतात, एवढंच कळे.

ऑफिसला सायकलनं जायची. वाटेत रेल्वेचा पूल होता. चढ दिसला की मी सवयीनं उतरायची आणि सायकल ढकलत न्यायची.

माझ्या लाथांची बातमी कुणीतरी कन्हानला पोचवली आणि बाबा थेट न्यायलाच आले. खाणीत गुडघा दुखावल्यापासून ते सायकल चालवत नसत. म्हणून स्टेशनहून खोलीवर, माझ्या ऑफिसच्याच वाटेनं, मी चालवणार, ते मागे कॅरियरवर, मांडीवर हरभऱ्याच्या भाजीची थैली.

"तू हातपाय झाडून राहिली म्हणे. काहून वं? कोणाले माराचं हाय तुले? उद्या हात मोडला तं? चाल घरी."

मग मी जी सुरू झाले! नोकरी सोडणार नाही, क्लास सोडणार नाही, हात मोडला तर दुसऱ्या हातानं टाइप करीन. जन्मात बाबांसमोर एवढं बोलले नव्हते.

"बाबा, रागावले का?"

"राग नाही वं. पूल कुठी गेला?"

मी ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं. पूल मागे राहिला होता.

"मांगच्या वेळी तुनं मले पैदल नेलं होतं. आज मी उतराची वाट पाहून राहिलो, तं तुही बडबडच थांबेना!"

डबल सीट, अख्खा चढ, तोंडाचा पट्टा चालू, आणि मला धाप नव्हती! इतका आनंद झाला की भर रस्त्यात हसत सुटले, आणि हसून हसून धाप लागली ती वेगळीच. बाबा दुसऱ्या दिवशी एकटे परतले. आईला म्हणाले, "तिले नाही लागत दम. मलेच लागला, आयकू आयकू."

नंतर एकदा मनात आलं, दम लागला की परत ये असं आई म्हणाली होती. आता तो लागतच नाही, मग परत जायचं कशाला? जरा चुटपुट लागली. पण अजूनही सुट्टीत कन्हानला जाते, दोन्ही हातांत भरल्या थैल्या घेऊन स्टेशनपासून झपाझप चालत येते, आणि आई दारातच विचारते, "दमली का वं?"

मी थैल्या टाकते, उंबऱ्यातच बसकण मारते आणि म्हणते, "लय दमली वं माय."