सरांच्या नावाचा बाक नको

गव्हाणे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला होते. सर सकाळी ग्राउंडवरून घरी आले, चहा टाकायला सांगितला आणि चहा येईपर्यंत… बस्स. मी गावी, पालमला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. महिन्याभरानं शोकसभा झाली, तिला मात्र मी पहिल्या रांगेत होते. गावानं ठराव मांडला की सरांच्या स्मरणार्थ बास्केटबॉलच्या ग्राउंडवर सिमेंटचा बाक बसवायचा आणि पाठीवर त्यांचं नाव कोरायचं. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी उठून म्हणाले, "बाक नको." शोकसभेत असं बोलत नसतात हे मलाही कळतं. पण बाक? आणि तोही या माणसाच्या नावानं?

त्याच सभेत एक वक्ते माझ्याकडे बघत सुस्कारा सोडून म्हणाले होते की, सरांनी हिला पुण्याच्या कॉलेजात जाऊ दिलं असतं तर आज ही भारताकडून खेळली असती. गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत म्हणतात, तरी त्यांनी काढलीच. मग माझ्याच्यानं गप्प राहवलं नाही आणि आजही राहवत नाही, म्हणून हे लिहितेय.

सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांनी मला प्रार्थनेच्या रांगेत हेरलं. आमच्या घरी माझी उंची म्हणजे डोक्याला ताप होता. एवढ्या लांब पोरीला नवरा कुठून आणायचा, यावर रोज खल चालायचा. सर घरी येऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना म्हणाले, "काळजी कसली करायलाव? हे तर भांडवल हाय." त्यांच्या ग्राउंडवर एकच नियम होता: बसायचं नाही. ज्या पोरीची खेळायची पाळी नसेल तिनं रेषेवर उभं राहून ओरडायचं, नाहीतर ग्राउंडला फेऱ्या मारायच्या. "बसलं की माणूस प्रेक्षक होतंय," म्हणायचे.

बारावीनंतर पुण्याच्या एका नामांकित कॉलेजातून बोलावणं आलं. हॉस्टेल, लाकडी कोर्ट, राज्यभरातून वेचलेल्या पोरींचा संघ. दुसरीकडं परभणीचं कॉलेज, जिथल्या कोर्टावर सुगीत कुणाचं ना कुणाचं सोयाबीन वाळत पडलेलं असायचं. घरातून मला पदवीपर्यंतच सवलत होती. तोवर खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बोहल्यावर. मोठ्या कॉलेजचा शिक्का बसला की नोकरी चालत येते, असं गावाचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्या कॉलेजची मॅच होती तेव्हा मला आणि अण्णांना घेऊन पुण्याला गेले. मॅच सुरू झाली तसं म्हणाले, "खेळ बघू नको. बाकावरच्या पोरी बघ." बाकावर माझ्याहून उंच एक पोरगी बसलेली होती, नांदेडकडची, तिसऱ्या वर्षाची. तिच्या जर्सीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. मध्यंतरात मी विचारलं, "ताई, तुमी कधी उतरता?"

ती हसली. "जिंकायलोत असं पक्कं झालं की उतरवतेत… हॉस्टेल लय भारी हाय पण."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "इथं कोर्ट चांगलं, कोच चांगले, नाव मोठं. तिकडं कोर्ट उखडलेलं, पण रोज उतरशील. निवडणारे लोक खेळ बघतेत, बसणं न्हाई. आता तू ठरव. आमी चहा पिऊन येतो." आणि अण्णांना हाताला धरून घेऊन गेले. तू ठरव, असं मला त्या दिवसापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचा चहा होईपर्यंत माझं परभणीचं ठरलं होतं.

गावानं मग तोंडसुख घेतलं. माझे काका पारावर बसून सांगायचे, "मास्तरनं पोरीचं वाटोळं केलं." सरांच्या कानावर गेलं की ते नुसतं म्हणायचे, "म्हणू दे."

आमचा कॉलेजचा संघ हरायचा, सपाटून हरायचा. पण मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत कोर्टावर असायचे. एका सरकारी खात्याच्या निवड चाचणीत साहेबांनी विचारलं, "कुठलं कॉलेज? कुठं आलं हे?" मी म्हणाले, "मराठवाड्यात. खेळून दाखवू का?" दाखवलं, आणि घेतलं त्यांनी! लाकडी कोर्टावर पाय ठरायचे नाहीत, त्यात गुडघा दुखावला तो पुरता सावरलाच नाही. भारताकडून खेळले नाही, हेही खरं. पुण्यात गेले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, आणि त्या वक्त्यांना तर मुळीच नाही. सरांनी मला कुठं जाण्यापासून अडवलं नाही. जिथं जायचं ती जागा मला माझ्या डोळ्यांनी बघायला लावली. एवढं किती जण करतात हो?

बाक तयार होऊन आलाच. मी सरांचा अपमान करतेय, असंही बोललं गेलं. म्हणा! शेवटी सगळे काकूंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे गेले. त्या म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलायली. बाक स्टँडवर टाका. तिथं माणसं एसटीची वाट बघून दमतेत."

गेल्या आठवड्यात पालमला उतरले तर एक आजोबा सरांच्या नावाला पाठ टेकून राणीसावरगावच्या गाडीला शिव्या देत होते. मला फार बरं वाटलं. तशीच ग्राउंडवर गेले. रात्रभरच्या प्रवासानं अंग आंबलं होतं, टेकायला जागा शोधत होते. रेषेवर उभ्या असलेल्या एका पोरीनं मला बघितलं. ती मला ओळखत नव्हती.

"बसायला न्हाई इथं काही," ती ओरडली. "दमलाव का? मग मारा की एक फेरी!"

मी बॅग खाली ठेवली आणि पळाले.